क्रोन्स + भगंदर: आधी ऑपरेशन की आधी इंजेक्शन? (अनुभव हवेत)

मधला_बर्थ
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय आणि तोही असल्या विषयावर, त्यामुळे सांभाळून घ्या.

वय ३२, नोकरी पुण्यात, मूळचा कराडचा. साडेतीन वर्षांपूर्वी पोटदुखी आणि जुलाब सुरू झाले, वजन ११ किलो उतरलं. पहिल्या कोलोनोस्कोपीनंतर आतड्याचा टीबी म्हणून सहा महिने एकेटी (टीबीची औषधं) खाल्ली, फरक शून्य, मग परत कोलोनोस्कोपी आणि मग क्रोन्स (आतड्याला कायमची सूज आणणारा आजार) असं नाव लागलं. तेव्हापासून अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू आहे आणि पोट बऱ्यापैकी शांत आहे.

यंदा गणपतीत बसायच्या जागेजवळ सुपारीएवढी गाठ आली. लाजेपायी चार दिवस अंगावर काढली. विसर्जनाच्या रात्री १०३ ताप, ढोलताशातून वाट काढत हॉस्पिटल गाठलं आणि रात्रीच गळू फोडलं. ते भरतंय म्हणेपर्यंत शेजारी दुसरं तोंड पडलं, म्हणजे भगंदर. आता रोज पू, रोज गॉज, रोज टबात कोमट पाणी. एमआरआयमध्ये ट्रान्सस्फिंक्टेरिक वाट, तिला एक फाटा आणि छोटं कलेक्शन (साठलेला पू) असं आलंय.

आता गोची अशी की सर्जन म्हणतात, "कशाला वाट बघायची, ऑपरेट करून मोकळे होऊ, पंधरा दिवसांत ऑफिसला." गॅस्ट्रोवाले म्हणतात, "चाकू लावू नका, इन्फ्लिक्सिमॅब (सूज उतरवणारं इंजेक्शन) सुरू करू." बाबा म्हणतात गावाकडे एक वैद्य क्षारसूत्र (औषधी दोरा) बांधतात, त्यांच्या तीन मित्रांचं बरं झालंय. बायको म्हणते, "तुम्ही सगळे आधी एका खोलीत बसा." तिचं बरोबर आहे पण त्यांना बसवणार कोण?

ऑपरेशन केलेले, फक्त औषधावर असलेले, दोन्ही केलेले, सगळ्यांनी लिहा. खर्चाचंही लिहा.

कोकम_सोडा
लाज वाटून अंगावर काढणं हा आपला राष्ट्रीय आजार आहे, त्यावर इंजेक्शन निघालं नाही अजून. लवकर बरे व्हा. धागा वाखूत (वाचनखुणांत) टाकतोय, घरात एक पेशंट आहे.

सोलापुरी_चादर
मी लिहितेच, कारण माझं जे झालं ते कुणाचं होऊ नये.

२०१४ साली मला भगंदर झाला तेव्हा क्रोन्स हा शब्दही ऐकला नव्हता. गावातल्या एका नर्सिंग होममध्ये साधा भगंदर समजून वाट उघडून टाकली. दिवसातून सात वेळा जावं लागतं का, वजन उतरलंय का, हे कुणी विचारलंच नाही, आणि मी तरी कशाला सांगतेय, मला वाटायचं मसाल्याचं होत असेल. जखम नऊ महिने भरली नाही. नऊ महिने! रोज नणंद ड्रेसिंग करायची आणि रोज म्हणायची, "वहिनी, आज जरा लाल दिसतंय." लाल म्हणजे चांगलं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. शेवटी दुसऱ्या शहरात कोलोनोस्कोपी झाली आणि खरं कारण कळलं.

आता औषधावर आजार शांत आहे, जखम भरली, पण कापलेला स्नायू परत आला नाही. गॅस धरता येत नाही, जुलाब झाले तर तेही नाही. लग्नाकार्यात मी कायम दाराजवळची खुर्ची धरते आणि गडद रंगाची साडी नेसते. नवऱ्याला वाटतं मला काळा रंग आवडतो.

"पंधरा दिवसांत ऑफिसला" हे वाक्य ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कोणतं ऑपरेशन, किती स्नायू कापणार, हे कागदावर लिहून मागा.

टाकेबहाद्दर
मी सर्जन आहे, गुदविकारांचंच काम करतो. ऑनलाइन कुणाला तपासत नाही, त्यामुळे हा सल्ला नाही, माहिती आहे.

सोलापुरी_चादर, तुमच्याबाबतीत झालं ते वाईट झालं, आणि अजूनही होतं. साधा भगंदर आतल्या छोट्या ग्रंथीत पू होऊन होतो. वाट खालून जात असेल तर ती उघडून टाकली की बहुतेक वेळा विषय संपतो. क्रोन्समध्ये मुळात आतडंच सुजलेलं असतं, वाट त्या सुजेतून निघते, जखम भरत नाही आणि एक वाट बुजवली तर दुसरी फुटते. धागाकर्त्यांची वाट ट्रान्सस्फिंक्टेरिक आहे म्हणजे शी धरून ठेवणाऱ्या स्नायूतून आरपार जाते. ती उघडायची म्हणजे तो स्नायू कापायचा. शिवाय फाटा आहे. अशा पेशंटमध्ये मी तरी कापणार नाही.

पण "चाकू लावूच नका" हेही अर्धंच. आत कलेक्शन आहे ना? पू साठलेला असताना प्रतिकारशक्ती दाबणारं इंजेक्शन द्यायचं म्हणजे आगीत तेल. मोरी तुंबलेली असताना वरून फरशी पुसून काय होणार, आधी बोळा काढायचा. म्हणून भूल देऊन नीट तपासणी करायची, पू काढायचा आणि वाटेत सैल सेटन घालायचं. सेटन म्हणजे साधा रबरी किंवा सिलिकॉनचा दोरा, बाहेरच्या तोंडातून आत, आतल्या तोंडातून गुदद्वारावाटे बाहेर, आणि गाठ. तो काही कापत नाही. वाट उघडी ठेवतो, म्हणजे पू साठत नाही. त्यानंतर इंजेक्शन. वाट बुजवायचं ऑपरेशन (फ्लॅप, लिफ्ट वगैरे) हा तिसरा अंक, तोही आतली सूज उतरली असेल तर.

तुमच्या सर्जननी नेमकं काय "ऑपरेट" करायचं ठरवलंय ते विचारा. कदाचित ते सेटनबद्दलच बोलत असतील. आम्ही लोक पेशंटशी तोकडंच बोलतो, हे मान्य.

कोकम_सोडा
म्हणजे धाग्यावर धागा.

मधला_बर्थ
@टाकेबहाद्दर, खूप धन्यवाद. खरंच मी विचारलंच नव्हतं की कोणतं ऑपरेशन. ओपीडीत मला मिळाली चार मिनिटं, त्यातली दोन पँट चढवण्यात गेली.

@सोलापुरी_चादर ताई, वाचून गप्प झालो. इतकं मोकळेपणी लिहिलंत त्याबद्दल आभार.

रोखठोक_नाना
सगळा औषध कंपन्यांचा खेळ आहे. गहू आणि दूध बंद करा, ताक प्या, त्रिफळा घ्या, तीन महिन्यांत वाट आपोआप बुजेल. आमच्या आजोबांना कुठं होता क्रोन्स?

खानदेशी_भरीत
नाना, गहू बंद करा आणि दूध बंद करून ताक प्या. ताक कशाचं करायचं, नाचणीचं?

आणि आजोबांना असेलही, नाव नव्हतं. डॉ. क्रोन आणि त्यांच्या न्यूयॉर्कच्या सहकाऱ्यांनी हा आजार लिहून काढला तोच १९३२ साली. आपल्याकडे अशा लोकांना "संग्रहणी झाली" म्हणायचे आणि ते बारीक होत होत जायचे.

वैद्य_विसूभाऊ
क्षारसूत्राचा विषय निघालाय म्हणून लिहितो. मी बीएएमएस, एमएस शल्यतंत्र, गेली १८ वर्षं क्षारसूत्र करतोय. सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार दिलेत, आणि ही पद्धत विसाव्या शतकात बनारस हिंदू विद्यापीठात पुन्हा उभी राहिली. दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे, आघाड्याच्या क्षाराचे आणि हळदीचे मिळून २१ लेप चढवतात: पहिले ११ नुसत्या चिकाचे, मग ७ चीक आणि क्षाराचे, शेवटचे ३ चीक आणि हळदीचे. दर आठवड्याला दोरा बदलायचा. तो हळूहळू वाट कापत येतो आणि मागून भरत येतं. साध्या भगंदरात याचे परिणाम उत्तम आहेत, यावर आयसीएमआरने केलेली चाचणी १९९१ साली छापून आलीय.

पण आता नीट वाचा. क्षारसूत्र *कापतं*. आठवड्याला साधारण एक सेंटिमीटर या वेगाने, पण कापतंच. डॉक्टरसाहेब म्हणतात तो सैल दोरा नुसता वाहतं ठेवतो. दोन्ही दोरेच, पण काम उलटं. क्रोन्सचा पेशंट, जुलाब चालू, वाट स्नायूतून, अशाला मी क्षारसूत्र बांधत नाही. आतल्या आजाराला हात न लावता बाहेरून बांधत बसलं तर पेशंटही जातो आणि शास्त्राचं नावही. बाबांच्या तीन मित्रांना क्रोन्स नव्हता, एवढंच त्यांना सांगा.

टाकेबहाद्दर
विसूभाऊंना सलाम. माझ्या मते या धाग्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद आहे. त्यांच्यासारखे "मी करणार नाही" म्हणणारे दोन्ही पॅथ्यांत कमी आहेत.

ठाणे_स्लो
माझा अनुभव औषधाच्या बाजूचा, पण सरळ नाहीये, तर पूर्ण वाचा.

२०१७ मध्ये दोन वाटा होत्या. सेटन घातलं, पंधरा दिवसांनी इन्फ्लिक्सिमॅब सुरू. पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या आठवड्यात आणि त्यानंतर दर आठ आठवड्यांनी. सकाळी डे केअरला जायचं, वजन बघणार, शीर शोधणार (माझी शीर म्हणजे मुंबईतलं पार्किंग, असते पण मिळत नाही), आधी ॲलर्जीचं इंजेक्शन, मग दोन तास सलाइनमधून औषध, मग तासभर नुसतं बसवून ठेवणार. तिसऱ्या डोसानंतर एक सकाळ अशी उजाडली की गॉज कोरडा. मी तो उलटसुलट करून पाहिला, मग बायकोला दाखवला, तिनेही पाहिला. असलं प्रेम सिनेमात दाखवत नाहीत.

सेटन पाचव्या महिन्यात काढलं. अडीच वर्षं मजेत. मग आला २०२० चा लॉकडाऊन. लोकल बंद, हॉस्पिटलची भीती, मी दोन डोस चुकवले. परत घेतला तेव्हा पाच मिनिटांत छाती भरून आली, अंगावर गांधी, नर्सने धावत सलाइन बंद केलं. मध्ये खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं म्हणे. त्यानंतर अडॅलिमुमॅबवर गेलो, ते घरीच पोटावर टोचायचं, पंधरा दिवसांनी एकदा. फ्रिजमध्ये २ ते ८ अंशात ठेवायचं असतं, त्यामुळे महावितरणचे मेसेज मी आता नोकरीच्या मेलपेक्षा आधी वाचतो.

सांगायचं इतकंच की इंजेक्शन सुरू करायचं तर तारखा चुकवायच्या नाहीत. पैशाची सोय एका डोसाची नाही, निदान वर्षाची आधी लावा आणि मगच सुरू करा.

खानदेशी_भरीत
मी वर विनोद केला पण या औषधाची दुसरी बाजू मी भोगलीय. सुरू करण्याआधी क्वांटिफेरॉन (टीबीची रक्ततपासणी) निगेटिव्ह, छातीचा एक्सरे साफ. सातव्या महिन्यात संध्याकाळचा ताप आणि खोकला, छातीचा टीबी निघाला. इन्फ्लिक्सिमॅब बंद, टीबीची औषधं सुरू, आणि भगंदर परत वाहायला लागला. आता टीबी बरा आहे, याच तऱ्हेचं दुसरं इंजेक्शन (वेडोलिझुमॅब) चालू आहे, भगंदर निम्मा बरा.

आपल्या देशात टीबी हवेत आहे. आधीची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून गाफील राहू नका. पुढेही ताप किंवा खोकला दोन आठवडे टिकला, वजन घटलं, तर लगेच सांगा. मधला_बर्थ, तुम्ही आधी एकेटी घेतलीय ते नव्या डॉक्टरला कागदासकट दाखवा. हिपॅटायटिस बी ची टेस्टही करून घ्या, ती राहून जाते.

आमस्टेलवेनकर
मी नेदरलँड्समध्ये असतो, मुलाला (वय १९) हाच त्रास आहे, त्यामुळे गेले वर्षभर हेच वाचतोय. धागाकर्त्यांच्या नेमक्या प्रश्नावर इथल्याच डॉक्टरांनी अभ्यास केलाय, पिसा नावाने. (पिसा म्हणजे आपल्याकडे वेडा, हे मी इथल्या डॉक्टरला सांगितलं, तो हसला नाही.)

पहिला पिसा २०२० मध्ये आला. त्यात एका गटाला फक्त सेटन वर्षभर ठेवलं होतं, आणि परत ऑपरेशन टेबलावर जायची वेळ त्याच गटावर जास्त आली. म्हणजे नुसता दोरा घालून बसणं हा उपाय नव्हे.

दुसरा २०२२ चा. सगळ्यांना आधी सेटन, सगळ्यांना इन्फ्लिक्सिमॅबच्या जातीचं औषध. एका गटाचं चार महिन्यांच्या औषधानंतर वाट बुजवायचं ऑपरेशन, दुसऱ्या गटाला वर्षभर औषधच. १८ महिन्यांनी एमआरआय केला तर वाट खरोखर बुजलेली दिसली ऑपरेशन गटात ३२ टक्के लोकांत आणि नुसत्या औषधाच्या गटात ९ टक्के लोकांत. बाहेरून बघता मात्र दोन्ही गटांत निम्म्याहून जास्त लोकांचं तोंड बंद झालं होतं.

हे वाचून मी आधी खूश झालो आणि मग गणित केलं, ३२ म्हणजे ६८ टक्के लोकांचं एमआरआयवर बंद झालं *नाही*. १९९९ ची इन्फ्लिक्सिमॅबची भगंदरावरची पहिली मोठी चाचणी सगळे सांगतात, त्यात किलोला ५ मिग्रॅच्या गटात ५५ टक्के लोकांच्या सगळ्या वाटा वाहायच्या थांबल्या आणि खोट्या औषधावर १३ टक्के. पण तिथेही मोजलं होतं ते वाहणं, आतली वाट नव्हे. आणखी एक, दोन्ही अभ्यासांत शंभरच्या आत माणसं. आणि डच अभ्यासात ज्यांना पसंती होती त्यांना आपापला गट निवडू दिला होता, म्हणजे चिठ्ठ्या टाकून वाटलेले कमीच. त्यामुळे आकडे फार ओढू नयेत.

ठाणे_स्लो
@आमस्टेलवेनकर, हे खरंय. माझं तोंड बंद आहे पण शेवटच्या एमआरआयमध्ये आत बारीक वाट दिसतेच. डॉक्टर म्हणाले, कोरडी आहे तोवर तिला डिवचू नका. औषध बंद करू का विचारलं तर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं फक्त.

क्लेमकर
खर्चाचं कुणीच लिहीना म्हणून मी. टीपीएमध्ये (विम्याचे क्लेम हाताळणारी कंपनी) ९ वर्षं काढलीत, आता पलीकडच्या बाजूला आहे.

इन्फ्लिक्सिमॅब मिळतं १०० मिग्रॅच्या व्हायलमध्ये, डोस साधारण ५ मिग्रॅ प्रति किलो. म्हणजे ६० किलोला ३ व्हायल आणि ६४ किलोला हिशोबाने ३२० मिग्रॅ, म्हणजे चौथी फोडावी लागते. पहिल्या सहा आठवड्यांतच तीन डोस, त्यामुळे सुरुवातीचा खर्च एकदम अंगावर येतो. बायोसिमिलर (त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची आवृत्ती) मूळ ब्रँडपेक्षा बरेच स्वस्त आहेत, डॉक्टरला सरळ विचारा, लाजू नका. अडॅलिमुमॅबचं पहिलं बायोसिमिलर जगात आपल्याकडेच आलं, २०१४ मध्ये, झायडसचं.

विमा: विमा नियामक आयआरडीएने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी दिली त्यात इंजेक्शनने द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी आहे, आणि इन्फ्लिक्सिमॅब त्यातलंच. पण कंपनी त्यावर उपमर्यादा लावू शकते, तेव्हा पॉलिसीतलं ते पान शोधा. ॲडमिट करून किंवा डे केअरमध्ये सलाइनने घेतलेलं औषध क्लेमला बसवता येतं, घरी टोचलेल्या पेनला बहुतेक ठिकाणी नकार येतो. म्हणजे गंमत बघा, औषध निवडताना डॉक्टरबरोबर पॉलिसीही मत देते. ग्रुप पॉलिसी असेल तर नोकरी बदलण्याआधी दहादा विचार करा.

कोकम_सोडा
म्हणजे ६४ वरून ६० वर आलो तर एक व्हायल वाचली? जिमवाल्यांनी ही जाहिरात करावी.

टाकेबहाद्दर
कृपया असलं काही करू नका. या आजारात वजन टिकवणं हेच अर्धं काम. बहुतेक डॉक्टर थोडं इकडेतिकडे करून व्हायल जुळवतात.

पिशवीवाली
ज्या पर्यायाला सगळे घाबरतात तो मी वापरते, म्हणून दोन शब्द.

माझे सहा वर्षांत अकरा छोटे प्रोसीजर झाले. सेटन, परत सेटन, फ्लॅप (तीन महिन्यांत उसवला), इन्फ्लिक्सिमॅब, अडॅलिमुमॅब. शेवटी गुदाशयच इतका आवळला आणि सडला होता की आधी इलिओस्टोमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून पिशवी लावणं) करून खालचा भाग "विश्रांतीला" ठेवला. आठवड्याभरात वेदना गेल्या, हे अक्षरशः लिहितेय, आठवड्याभरात. दीड वर्षाने ती परत जोडायचा प्रयत्न केला आणि सगळं परत सुरू झालं, मग मीच म्हटलं काढून टाका. गुदाशय काढला, पिशवी कायमची.

रडले का? भरपूर. पण आज मी एसटीने कोल्हापूर ते सोलापूर न उतरता जाते. आधी घरापासून मंडईपर्यंत जाताना वाटेतलं प्रत्येक संडास पाठ होतं. पिशवी पातळ वाहायला लागली की केळं आणि साबुदाणा, मटार मक्याशी वैर, पाणी आणि मीठ जास्त. उन्हाळ्यात चिकट पट्टी सुटते, त्यावर उपाय मिळाला तर मलाच सांगा.

नणंदेच्या मुलाने विचारलं, "मामी, प्लास्टिकबंदी आहे ना, तुला दंड नाही होत?"

सगळ्यांनी हे करा असं म्हणत नाहीये. पण ऑपरेशन विरुद्ध औषध अशा गप्पांत पिशवी म्हणजे जणू हरलेल्याची शिक्षा, असं ऐकू येतं. माझ्यापुरतं तरी तसं नाही.

सोलापुरी_चादर
पिशवीवाली, सोलापूरला याल तेव्हा घरी या. खरंच.

पिंपळपान
थोडं अवांतर. मला क्रोन्स आहे, भगंदर दोन वर्षांपासून कोरडा, अडॅलिमुमॅब चालू. आता बाळाचा विचार आहे. सासूबाई म्हणतात औषध बंद कर, इंटरनेट सतरा गोष्टी सांगतं.

टाकेबहाद्दर
@पिंपळपान, स्वतःहून बंद करू नका. आजार उसळला तर बाळाला धोका त्याचाच जास्त, म्हणून या औषधांना बहुधा गरोदरपणातही चालू ठेवतात. प्रसूतीच्या वेळी गुदद्वाराजवळ वाट वाहती असेल तर सहसा सिझेरियन सुचवतात. आणि हे आत्ताच लिहून फ्रिजवर चिकटवा: बाळाला आपल्याकडे जन्मतःच बीसीजी टोचतात. ती जिवंत लस आहे आणि औषध बाळाच्या रक्तात काही महिने राहतं, तेव्हा ती लांबवायला लागते. प्रसूतीच्या खोलीत हे कुणाच्या लक्षात राहील याचा भरवसा धरू नका.

रोखठोक_नाना
मी वर जे लिहिलं ते जरा जास्त झालं. पुतण्याला दाखवला धागा. त्याला दोन वर्षं भगंदर आहे, आम्ही ताकच पाजतोय. कोलोनोस्कोपी कुठं करावी?

खानदेशी_भरीत
नाना, मुंबईत असाल तर केईएमला गॅस्ट्रोचा विभाग आहे, गर्दी असते पण होतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पुतण्या सिगरेट ओढत असेल तर ती मात्र आजच बंद, क्रोन्सला ती फार वाईट.

मधला_बर्थ
मंडळी, सात आठवड्यांनी लिहितोय, माफ करा.

बायकोने जे म्हटलं तेच शेवटी केलं. खोलीत नाही बसवता आलं पण सर्जन आणि गॅस्ट्रो दोघांना एका व्हिडिओ कॉलवर आणलं, ११ मिनिटं. सर्जनना मी सरळ विचारलं, "तुम्ही स्नायू कापणार होता का?" ते म्हणाले, "वाट बघून ठरवणार होतो." गॅस्ट्रो म्हणाले, "ते कलेक्शन रिपोर्टात मी पाहिलं नव्हतं." म्हणजे दोघांकडे अर्धा अर्धा कागद होता आणि माझ्याकडे पूर्ण फाइल, फक्त मला ती वाचता येत नव्हती.

ठरलं असं: भूल देऊन तपासणी, पू काढला, दोन सेटन. सोबत सिप्रो आणि मेट्रोनिडॅझोल ही अँटिबायोटिक्स (तोंडाला दोन आठवडे पितळी भांडं चाटल्यासारखी चव, चहासुद्धा धातूचा). टीबी, हिपॅटायटिस सगळ्या टेस्ट आणि छातीचा सीटी. सेटननंतर १८ व्या दिवशी पहिला इन्फ्लिक्सिमॅब, मग दुसरा. वजन ६३, व्हायल ३, डॉक्टर म्हणाले पुढे औषधाची रक्तातली पातळी बघून वाढवू. अझाथायोप्रिन चालूच. विम्याने पहिला क्लेम नाकारला, "ओपीडी प्रोसीजर" म्हणून. क्लेमकरांनी सांगितलेल्या २०१९ च्या यादीचा उल्लेख करून पत्र लिहिलं, उपमर्यादेपर्यंत पास झाला. वाट बुजवायची की नाही ते एप्रिलमध्ये एमआरआय बघून.

बाबांना विसूभाऊंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, "वैद्यच नको म्हणतोय तर मग ठीक आहे." एकेटीपासूनच्या साडेतीन वर्षांत माझ्या उपचारावर त्यांनी दिलेली ही पहिली संमती.

पू निम्म्यावर आलाय. पण एक त्रास आहे: एका सेटनची गाठ बाइकवर बसलं की टोचते. कुणाला माहितीये काही?

ठाणे_स्लो
माझंही व्हायचं. पुढच्या व्हिजिटला सर्जनला सांग, दोऱ्याची टोकं आखूड करून सपाट बांधतात. तोवर अंघोळीच्या वेळी दोरा हलक्या हाताने फिरवून गाठ बाहेरच्या बाजूला आणायची, आत जाऊ द्यायची नाही. आणि बाइक कशाला चालवतोयस?

मधला_बर्थ
हडपसरला राहून बाइक नाही तर काय हेलिकॉप्टर?

टाकेबहाद्दर
ठाणे_स्लो बरोबर सांगतायत, फक्त फिरवायला जड गेलं तर ओढू नका. दोरा तुटून निघून आला तर घाबरायचं नाही, फोन करून जायचं, आणि तो पिशवीत घालून घेऊन यायचं कारण सगळा निघालाय की अर्धा आत आहे ते बघावं लागतं.

कोकम_सोडा
ॲडमिनना विनंती, धागा बंद करू नये, अजून वाहता आहे.

मधला_बर्थ
तिसरा डोस सोमवारी आहे. तो घेऊन त्याच दिवशी स्वतः गाडी चालवत घरी यायला चालतं का?

ठाणे_स्लो
आधी जे ॲलर्जीचं इंजेक्शन देतात त्याने मला तरी जाम झोप यायची, एकदा रिक्षात बसलो तो थेट रिक्षावाल्याने उठवलं. बायकोला घेऊन जा. डबा पण ने, तिथला उपमा खाऊ नकोस.